एक फेरा कमी : चाचणीसाठी सायकल ट्रेनर निवडताना

यवतेश्वरच्या घाटात मी पायांची शक्ती मोजणारी पहिली चाचणी द्यायला निघाले ती जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, आणि ती चौदाव्या मिनिटाला मोडली. पावसाची सर नुकतीच येऊन गेली होती, वळणावर वरून वाहून आलेली लाल माती पसरली होती आणि कासकडून उतरणाऱ्या गाड्यांचे दिवे धुक्यातून अगदी जवळ आल्यावरच दिसत होते. मागचे चाक एकदा सरकले तसा मी पाय टेकला, सायकल कठड्याला लावली आणि घड्याळ बंद केले. अर्ध्या चाचणीचा आकडा धरता येत नाही, त्यामुळे त्या दिवशीच्या वहीत तारीख आणि पावसाची नोंद एवढेच राहिले.

मी साताऱ्यात कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी रेस ॲक्रॉस अमेरिका ही शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण केली, तेव्हा आमच्या भागातल्या अनेकांना लांब पल्ल्याच्या सायकलिंगची ओढ लागली. मी त्यांतलीच एक. गेल्या हंगामात २००, ३०० आणि ४०० किलोमीटरच्या बीआरएम, म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेऱ्या, मी मुदतीत पूर्ण केल्या, पण ६०० ची मुदत ४० तासांची असते आणि दुसऱ्या रात्री माझे पाय असे रिकामे झाले की मी ती गाठू शकले नाही. सुपर रँडोनर हा किताब मिळवायचा तर चारही अंतरे १ नोव्हेंबर ते ३१ ऑक्टोबर या एकाच हंगामात व्हावी लागतात, म्हणजे पुढच्या हंगामात मला सगळे पुन्हा पहिल्यापासून करायचे होते. ज्यांच्याकडे मी मार्गदर्शनासाठी गेले त्या पुण्याच्या प्रशिक्षकांनी माझ्या वेगाच्या नोंदी पाहून एकच प्रश्न विचारला, "तुमची एफटीपी किती?" मला ती सांगता आली नाही. त्यांचे म्हणणे असे, की पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये आपण आपल्या कुवतीच्या किती टक्क्यांवर चाललो आहोत हे ठाऊक नसेल, तर दुसऱ्या रात्रीचे भाडे पहिल्याच सकाळी खर्चून जाते. त्यांनी दर सहा आठवड्यांनी चाचणी देण्यास सांगितले.

एफटीपी म्हणजे साधारण तासभर टिकवता येईल एवढी जास्तीत जास्त सरासरी शक्ती, वॅटमध्ये मोजलेली. तासभराची चाचणी कोणी वारंवार देत नाही. नीट अंग तापवून वीस मिनिटे पूर्ण जोर लावायचा आणि त्या सरासरीला ०.९५ ने गुणायचे, अशी रूढ पद्धत आहे. माझ्याकडे सायकलवर बसवून शक्ती मोजणारे पॉवर मीटर नव्हते, म्हणून घाटातली शक्ती मी वर्गात शिकवते त्याच सूत्राने काढणार होते. माझे वजन ५८ किलो, सायकल आणि पाणी मिळून १२. एकूण ७० किलोला ९.८१ ने आणि चढलेल्या उंचीने गुणून सेकंदांनी भागले की गुरुत्वाविरुद्धची शक्ती मिळते. २५ मिनिटांत ३०० मीटर उंची चढली तर ती १३७ वॅट येते. टायरचे घर्षण आणि हवेचा विरोध त्यात वेगळा मिळवावा लागतो. उन्हाळ्यात हे गणित बरे जुळते. पावसाळ्यात घाटाच्या तोंडावर वारा कधी पाठीवर असतो, कधी छातीवर, आणि त्याचा वाटा किती हे कोणत्याही सूत्रातून निघत नाही. पावसाळा संपला की कासच्या फुलांसाठी गाड्यांची रांग लागते. म्हणजे जूनपासून ऑक्टोबरपर्यंत रस्त्यावर दोन चाचण्या सारख्या परिस्थितीत होणे शक्य नव्हते, आणि सारखी परिस्थिती नसेल तर सहा आठवड्यांनी मिळालेला दुसरा आकडा पहिल्याशी ताडून पाहण्यात अर्थ नव्हता. घरात ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवू देणाऱ्या यंत्रावर, चालवण्याचा विचार मी केला तो या कारणाने. पाऊस चुकवणे हा त्यातला लहान भाग होता.

कोरेगावचे एक ज्येष्ठ सायकलपटू तरुणपणी ट्रॅकवर शर्यती खेळलेले आहेत. त्यांनी आपले जुने रोलर मला वापरायला दिले. लोखंडी चौकटीत तीन नळकांडी, दोन मागच्या चाकाखाली आणि एक पुढच्या चाकाखाली, आणि मागच्या नळकांड्याची गती पुढच्याला देणारा एक रबरी पट्टा, एवढेच ते यंत्र. सायकल कशालाही बांधलेली नसते. चाके फिरत आहेत तोवरच तोल आहे. पहिले तीन दिवस मी दाराच्या चौकटीत रोलर ठेवून एक कोपर चौकटीला टेकवून चालवत होते. काकांनी फोनवर सांगितले, "ताई, हँडल घट्ट धरू नका आणि चाकाकडे बघू नका, भिंतीवर समोर एक खूण करा." मी खडूने एक उभी रेघ मारली. चाकाकडे पाहिले की पुढचे चाक नळकांड्याच्या कडेकडे सरकू लागे, रेघेकडे पाहिले की ते आपोआप मध्ये येई. आठव्या दिवशी मी पंचवीस मिनिटे सलग चालवली आणि त्या पंचवीस मिनिटांत माझ्या पायांविषयी मला जे कळले ते रस्त्यावर दहा वर्षांत कळले नव्हते: माझा डावा पाय खालून वर येताना क्षणभर अडतो, आणि तो अडला की सायकल डावीकडे डोकावते. रोलरवर अशी खोड लपत नाही. पेडल गोल फिरवायला शिकायचे, मिनिटाला शंभर फेऱ्यांवर स्थिर राहायचे, तर रोलरसारखा गुरू नाही असे माझे ठाम मत आहे, आणि आजही आठवड्यातून एकदा मी त्यांच्यावर बसते.

चाचणीसाठी मात्र ते चालले नाहीत. साध्या रोलरला विरोध असतो तो टायर दबण्याचा आणि नळकांडी फिरण्याचा. नळकांड्याचा व्यास जितका लहान तितका टायर जास्त दबतो आणि विरोध वाढतो, पण काकांचे रोलर मोठ्या व्यासाचे होते. सर्वांत जड गिअरवरही माझे पाय वेगाने फिरत राहिले आणि दम लागण्याआधी भीती वाटू लागली. वीस मिनिटांच्या चाचणीत शेवटची चार मिनिटे माणसाचे डोळे मिटतात, खांदे हलतात, मान खाली जाते. त्या अवस्थेत तोल सांभाळण्यासाठी जे लक्ष द्यावे लागते ते जोरातून वजा होते, आणि मोजायचा तर जोरच असतो.

त्यानंतर मी चाकावर दाबून बसणारा फ्लुइड ट्रेनर घेतला, जुना, नऊ हजार रुपयांना. या जातीच्या ट्रेनरमध्ये मागचे चाक काढावे लागत नाही. धुरा दोन शिंगांमध्ये पकडायचा, आणि मागून एक गोल मूठ फिरवत धातूचा रोलर टायरवर दाबायचा. रोलरच्या एका बाजूला जड फ्लायव्हील, म्हणजे गती टिकवणारे चाक, दुसऱ्या बाजूला बंद डब्यात सिलिकॉनचे तेल आणि त्यात फिरणारी पाती. वेग वाढला की विरोध झपाट्याने वाढतो, जवळजवळ हवेसारखा, त्यामुळे गिअर बदलत चालवताना रस्त्याचा भास होतो. याच घरातला स्वस्त भाऊ म्हणजे चुंबकीय ट्रेनर. त्यात हँडलवरच्या खटक्याने विरोध ठरवतात आणि तो वेगाबरोबर साधारण सरळ रेषेत वाढतो. जोर वाढवत नेताना तो पुढे हलका वाटतो, म्हणून मी फ्लुइड घेतला.

चाकाचा वेग मोजणारा एक सेन्सर लावला, मोबाइलमधल्या ॲपमध्ये ट्रेनरचे मॉडेल निवडले आणि ॲप वेगावरून वॅट दाखवू लागले. हा आकडा मोजलेला नसतो, काढलेला असतो. अमुक ट्रेनर अमुक वेगाला अमुक शक्ती खातो, या आलेखावरून. जूनअखेरच्या पहिल्या चाचणीत सरासरी १५३ वॅट आली, म्हणजे एफटीपी १४५. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात १६५, म्हणजे १५७. सहा आठवड्यांत बारा वॅट वाढल्या. मी वर्गात तास घेतानाही मनातून आनंदात होते, आणि प्रशिक्षकांना कळवल्यावर त्यांनी पुढच्या आठवड्याचे सगळे व्यायाम नव्या आकड्यावर बसवून पाठवले. ते व्यायाम माझ्याने पूर्ण झाले नाहीत. पहिला नाही, दुसरा नाही, तिसराही नाही. आठ-आठ मिनिटांचे चार टप्पे, त्यांतला तिसरा टप्पा निम्म्यावर सुटत होता. मला वाटले झोप कमी पडली, मग वाटले लोह कमी झाले असेल, रक्त तपासून आले. ते ठीक होते.

चूक वहीत सापडली. जूनच्या नोंदीत मी लिहिले होते: टायर टेकल्यावर मूठ तीन फेरे. ऑगस्टच्या नोंदीत फेऱ्यांची संख्याच नव्हती. मी खाली बसून मूठ उलटी फिरवत मोजली. दोन फेरे आणि थोडे. रोलर टायरवर कमी दाबलेला, म्हणजे टायर कमी दबलेला, म्हणजे त्याच जोरात चाक जास्त वेगाने फिरणार. शिवाय जोराच्या क्षणी टायर रोलरवर किंचित घसरणार. ॲपला फक्त चाकाचा वेग दिसतो, आणि वेग वाढला तसे त्याने वॅट वाढवून सांगितले. भर म्हणून त्या दिवशी मी अंग तापवायला नेहमीच्या दुप्पट वेळ घेतला होता आणि तेल अधिक तापले होते. तेल तापले की पातळ होते, हे फोडणीच्या कढईत रोज दिसते; पातळ तेलात पाती हलकी फिरतात.

यानंतर मी तर्कावर थांबू नये असे ठरवले. कोरेगावच्या काकांच्या मुलाकडे दोन्ही बाजूंनी मोजणारे पॉवर मीटरचे पेडल होते. ते आठवड्यासाठी मागून आणले. पेडलमधला मीटर दाबामुळे धातूला पडणारा सूक्ष्म ताण मोजतो, म्हणजे शक्ती जिथे निर्माण होते तिथेच ती मोजली जाते. प्रत्येक वेळी टायरमध्ये १०० पीएसआय हवा, मूठ तीन फेरे, एकच गिअर आणि सेन्सरवर ताशी ३० किलोमीटर, एवढे पक्के करून मी नोंदी घेतल्या. ॲप सुरुवातीपासून शेवटपर्यंत १६५ वॅट दाखवत होते. पेडलवर तिसऱ्या मिनिटाला १७६, बाराव्या मिनिटाला १६६, पंचविसाव्या मिनिटाला १५९. मग मी न थांबता उतरले, मूठ एक फेरा सैल केली आणि पुन्हा त्याच वेगाला आले: १५०. तो डबा हाताला चटका देण्याइतका तापला होता. एकाच वेगाच्या एका आकड्यामागे सव्वीस वॅटचा फरक दडलेला होता, आणि मी तर बारा वॅटच्या वाढीवर आनंद मानत होते. चार दिवस विश्रांती घेऊन त्याच पेडलवर मी चाचणी पुन्हा दिली. सरासरी १५६, एफटीपी १४८. खरी प्रगती असलीच तर तीन-चार वॅटची असावी, कारण जूनचा आकडाही त्याच आलेखावरून काढलेला होता आणि त्याची खात्री आता कोणी देऊ शकत नव्हते. नव्या आकड्यावर व्यायाम बसवले आणि पहिल्याच दिवशी चारही टप्पे पूर्ण झाले.

त्या आठवड्यात आणखी एक गोष्ट कळली. माझा डावा पाय एकूण शक्तीच्या ४७ टक्केच देतो. एकाच बाजूने मोजणारे स्वस्त मीटर डाव्या पायाचा आकडा दुप्पट करून दाखवतात. तसे मीटर घेतले असते तर १५० च्या जागी १४१ दिसले असते. तेही चालले असते, जर ४७ हा आकडा कायम राहिला असता. पण थकल्यावर तो बदलतो.

चाकावर दाबणारे ट्रेनर चाचणीला कुचकामी असतात असे मला म्हणायचे नाही. सिएटलच्या रेसरमेट कंपनीचा कॉम्प्युट्रेनर याच जातीचा होता आणि २०१७ मध्ये उत्पादन थांबेपर्यंत कित्येक प्रयोगशाळांनी तो वापरला. त्याची शिस्त मात्र कडक होती: दहा-पंधरा मिनिटे चालवून टायर आणि यंत्र तापवायचे, ताशी सुमारे ४० किलोमीटरचा वेग गाठून पेडल थांबवायचे, आणि चाक थांबायला लागलेल्या वेळावरून यंत्र टायरवरचा दाब ओळखून आपली बेरीज-वजाबाकी करून घेई. माझ्या फ्लुइड ट्रेनरला असा डोळाच नव्हता. त्याच्या मुठीवर मी पांढऱ्या नेलपॉलिशने एक ठिपका दिला, तीन फेरे डोळ्यांना दिसावेत म्हणून, आणि चाचणीच्या कामातून त्याला मुक्त केले.

दिवाळीच्या सुट्टीआधी एका शनिवारी मी पुण्याला गेले. एका मोठ्या सायकल दुकानात तीन डायरेक्ट ड्राइव्ह ट्रेनर मांडलेले होते आणि तिथल्या मुलाने मला प्रत्येकावर वीस-वीस मिनिटे बसू दिले, हे त्याचे मोठेपण. या जातीत मागचे चाक काढून टाकतात आणि साखळी थेट ट्रेनरवरच्या कॅसेटवर, म्हणजे दातेरी चक्रांच्या संचावर, चढते. टायर, हवा, दाब आणि घसरण हे चारही घटक एका झटक्यात गणितातून जातात. अमेरिकेतल्या वाहू कंपनीचा किकर २०१२ मध्ये आला, नेदरलँड्समधली टॅक्स आणि इटलीतली एलिट या कंपन्यांनीही याच पद्धतीची यंत्रे आणली, आणि आज घरात गंभीरपणे सराव करणारे बहुतेक जण याच पद्धतीकडे वळतात. दुकानातला मुलगा अचूकतेच्या आकड्यांवर भर देत होता: हा अधिक-उणे एक टक्का, हा दोन, हा अडीच. मी त्याला विचारले, "दोन टक्क्यांचा तोच ट्रेनर आज आणि सहा आठवड्यांनी, एकाच बाजूला चुकतो का?" त्याने मनापासून विचार केला आणि म्हणाला, "मॅडम, हे कुणी विचारत नाही, पण मला वाटते बऱ्यापैकी एकाच बाजूला."

माझ्या निवडीचा सगळा भार या एका प्रश्नावर होता. १५० वॅटवर दोन टक्के म्हणजे तीन वॅट. सहा आठवड्यांत माझी जी प्रगती झाली असावी, तीही तेवढीच. ट्रेनर दर वेळी तीन वॅट कमीच दाखवत असेल तर मला त्याची काही अडचण नाही, कारण सराव त्याच ट्रेनरवर, त्याच्याच आकड्यांनी होणार. तो आज तीन कमी आणि पुढच्या वेळी तीन जास्त दाखवणार असेल, तर सहा आठवड्यांचे कष्ट वाचता येणार नाहीत. आमच्या प्रयोगशाळेत मुले तराजूवर वजन करतात तेव्हा मी त्यांना हेच सांगते, की दर वेळी दोन ग्रॅमने चुकणारा काटा दुरुस्त करता येतो, लहरी काट्याला इलाज नाही. म्हणून मी विकत घेण्याआधी एकेका ट्रेनरवर पहिल्या पाच मिनिटांचा आणि शेवटच्या पाच मिनिटांचा आकडा पुन्हा उसन्या आणलेल्या त्याच पेडलांशी ताडून पाहिला. साखळी आणि दातेरी चक्रांमध्ये थोडी शक्ती जाते, त्यामुळे ट्रेनर पेडलापेक्षा दोन-तीन टक्के कमी दाखवणे अपेक्षितच असते. मधल्या किमतीच्या ट्रेनरवर हा फरक सुरुवातीला चार वॅट होता आणि शेवटीही चार. सर्वांत महागड्यावर तीन आणि तीन. मी मधला घेतला. पूर्ण सायकलच असलेले स्मार्ट बाइकचे यंत्रही तिथे होते. किंमत ऐकली आणि पुढे गेले, कारण माझ्या सायकलचे खोगीर आणि माझ्या क्रँकची, म्हणजे पेडलाच्या दांड्याची, लांबी सोडून दुसऱ्या कशावर दिलेली चाचणी मला रस्त्यावर उपयोगी पडणार नव्हती.

हे शेवटचे मी अनुभवाने बोलते आहे. त्याच महिन्यात प्रशिक्षकांच्या सांगण्यावरून मी एका क्रीडाविज्ञान प्रयोगशाळेतही चाचणी दिली. तिथे विद्युतचुंबकीय ब्रेकचा एर्गोमीटर, म्हणजे शक्ती मोजणारी स्थिर सायकल, होता, तोंडाला मुखवटा, आणि दर तीन मिनिटांनी २५ वॅट वाढ. बोटाच्या टोकातून रक्ताचा थेंब घेऊन लॅक्टेट, म्हणजे जोराच्या श्रमात रक्तात वाढणारा घटक, मोजत होते. तो अहवाल मोलाचा आहे. शरीर कोणत्या टप्प्यावर कसे वागते हे तो सांगतो. पण खोगीर रुंद होते, क्रँक माझ्यापेक्षा लांब होते आणि आठवड्याच्या सरावात मी त्या यंत्रावर बसणार नव्हते. त्या प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात मोनार्क कंपनीचा जुना घर्षण एर्गोमीटरही ठेवलेला होता, आणि खरे सांगायचे तर माझे मन त्याच्याशी जास्त रमले. फ्लायव्हीलभोवती एक पट्टा, पट्ट्याला ताण देणारे वजन. पेडलाच्या एका फेरीत फ्लायव्हीलचा काठ सहा मीटर जातो. एक किलोचा भार आणि मिनिटाला साठ फेऱ्या म्हणजे मिनिटाला ३६० किलोग्रॅम-मीटर, सुमारे ५९ वॅट. सगळे डोळ्यांसमोर, हाताने तपासता येणारे. पाय मंदावले तर त्यावर शक्ती कमी होते. विद्युतचुंबकीय यंत्रावर मात्र पाय मंदावले तरी यंत्र विरोध वाढवून वॅट तेवढेच ठेवते.

हाच भेद घरातल्या स्मार्ट ट्रेनरवर, म्हणजे विरोध स्वतः बदलणाऱ्या ट्रेनरवर, चाचणी देताना सर्वांत आधी समजून घ्यावा लागतो. एर्ग मोडमध्ये ट्रेनरला १५० वॅट सांगितले की तो १५० धरून ठेवतो. सरावासाठी ही मोठी सोय आहे. टप्प्यांमध्ये आकड्याकडे पाहावेच लागत नाही. पण पाय थकून फेऱ्या कमी झाल्या की तो विरोध वाढवतो, त्याने फेऱ्या आणखी कमी होतात, विरोध आणखी वाढतो, आणि चार-पाच सेकंदांत चिखलात रुतल्यासारखे पाय थांबतात. दर मिनिटाला ठरावीक वॅट वाढवत नेणारी रॅम्प चाचणी एर्ग मोडमध्येच देतात, कारण तिथे थांबेपर्यंत जायचेच असते. शेवटच्या सर्वोत्तम मिनिटाच्या शक्तीला ०.७५ ने गुणून एफटीपीचा अंदाज करतात. वीस मिनिटांची चाचणी मात्र एर्ग बंद करून, साध्या विरोधावर, गिअर आपल्या हातात ठेवूनच द्यावी. मी दोन्ही दिल्या. रॅम्पमध्ये शेवटचे मिनिट १९० वॅट, म्हणजे १४३. तीन दिवसांनी वीस मिनिटांच्या चाचणीत १४९. मला झटक्याचा जोर कमी आणि टिकाऊपणा जास्त आहे, त्यामुळे रॅम्प मला कमी लेखते. ज्याच्या पायात धावण्याचा झटका आहे त्याला ती जास्त लेखेल. म्हणून मी एकच पद्धत ठरवली आणि ती बदलत नाही.

ट्रेनर घरी आला त्या दिवशी तो नीट बसला नाही. माझी सायकल दहा गिअरच्या कॅसेटची, ट्रेनरचा फ्रीहब, म्हणजे कॅसेट बसते तो भाग, अकराचा, तिथे १.८५ मिलिमीटरची चकती घालावी लागते आणि बऱ्याच दहाच्या कॅसेटना आणखी एक मिलिमीटरची. ज्यांनी बसवून दिला त्यांच्याकडून दुसरी चकती राहून गेली. जोर लावला की कॅसेट कटकट वाजे आणि पडद्यावरचा आकडा झोके घेई. आमच्या गल्लीतल्या सायकल मिस्त्रींनी कॅसेट अंगठा आणि तर्जनीत धरून हलवली आणि लगेच ओळखले. "मॅडम, ही खेळतेय. आत चकती कमी आहे." अर्ध्या तासाचे काम, पण त्याआधीच्या दोन दिवसांच्या नोंदी मी खोडून टाकल्या.

आवाजाची बाबही यातच सांगते. फ्लुइड ट्रेनरवर मी पहाटे पाचला बसत असे, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या काकू एकदा जिन्यात थांबवून म्हणाल्या, "अगं, पहाटे तुझ्याकडे गिरण सुरू होते का? माझ्या उशाशी ठेवलेलं पाण्याचं भांडं थरथरतं." त्यांच्या यजमानांना नुकतेच दवाखान्यातून घरी आणले होते. टायर आणि रोलरचा घरघराट भिंतीतून जात नाही, फरशीतून जातो, हे मला तेव्हा कळले. डायरेक्ट ड्राइव्हला साखळीचाच आवाज असतो. खाली जाड रबरी चटई आणि तिच्याखाली जुन्या सतरंजीच्या दोन घड्या घातल्यावर काकूंनी सांगितले की आता कळतही नाही.

दोन अडचणी मात्र या ट्रेनरने नव्याने आणल्या. त्याला वीज लागते. चाचणीच्या अकराव्या मिनिटाला वीज गेली तेव्हा विरोध एकदम सुटला आणि पाय हवेत फिरावेत तसे फिरले. आता तो इन्व्हर्टरच्या ओळीवर आहे. दुसरी उकाड्याची. रस्त्यावर वारा घाम वाळवतो. खोलीत तो हँडलवरून साखळीवर टपकतो, हृदयाचे ठोके त्याच जोरात चढत जातात आणि वॅट उतरतात. मी समोर एक मोठा टेबल फॅन छातीच्या उंचीवर आणि दुसरा पाठीमागून ठेवते, आणि चाचणी नेहमी सकाळी साडेपाचला, आदल्या दिवशी विश्रांती, निघण्याआधी एक केळे आणि पेलाभर पाणी, याच क्रमाने देते. आधी दहा मिनिटे ट्रेनर तापवायचा, मग स्पिन-डाउन, म्हणजे वेग वाढवून पेडल सोडायचे आणि यंत्राला स्वतःचे घर्षण मोजू द्यायचे. पंख्यांच्या जागेवर फरशीवर खडूच्या खुणा आहेत. लेक म्हणते, खोली नाही, ही प्रयोगशाळाच झाली आहे. मला तेच हवे होते.

डिसेंबरच्या चाचणीत सरासरी १६१ आली, एफटीपी १५३. फेऱ्या मोजायच्या नव्हत्या, तेलाचा विचार नव्हता. स्पिन-डाउनचा आकडा मागच्या वेळेच्या अगदी जवळ होता. या चार वॅटवर मी विश्वास ठेवला, आणि पुढच्या आठवड्याचे टप्पे पूर्ण झाले. ६०० किलोमीटरसाठी प्रशिक्षकांनी चढावर १२० वॅटची मर्यादा घालून दिली आहे आणि सपाटीवर ९५ ते १००.

फ्लुइड ट्रेनर नेलपॉलिशच्या ठिपक्यासकट गेल्या रविवारी माझ्या एका विद्यार्थिनीकडे गेला. ती पहिली २०० किलोमीटरची बीआरएम करणार आहे; तिला चाचणी नको, आठवड्यातून तीन दिवस पाऊण तास घाम गाळायला हवा, आणि त्यासाठी तो उत्तम आहे. तिच्या अंगणात ओट्यावर तो मांडला, टायरमध्ये हवा भरली, आणि टायर टेकल्यावर मूठ तिलाच फिरवू दिली. तिने ठिपका पाहत मोठ्याने मोजले, एक, दोन, तीन, आणि मी न सांगताच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले.